लग्नपत्रिकेवरील राखीव हक्क

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात एका ओळीची हकिकत सादर होत आहे. ही ओळ अवघ्या तीन शब्दांची होती. ती कोणी शिवी म्हणून लिहिली नव्हती की शाप म्हणून उच्चारली नव्हती. परंतु तिच्यामुळे एक ठरलेले लग्न ऐन बस्त्याच्या दिवशी अडले आणि एका थोरल्या जावयाचा मान भर गल्लीत टांगणीला लागला. संगणक नावाचे यंत्र, त्यातील अक्षरांची मालकी आणि मनुष्याच्या अंतःकरणात भुशाच्या शेगडीप्रमाणे आतल्या आत धुमसणारी असूया, या गोष्टी एके ठिकाणी आल्या म्हणजे काय घडते, ते वाचकांनी शांत चित्ताने ऐकावे, ही प्रारंभीच प्रार्थना आहे.

सन दोन हजार चारची गोष्ट. जुन्या जालन्यात, धान्याची आणि कापडाची ठोक दुकाने जिथे एकमेकांना खेटून उभी आहेत, त्या गल्लीत भुजंगरावांचे ‘अक्षरवैभव’ नावाचे दुकान होते. एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर आणि एक फिरती खुर्ची, एवढाच त्याचा पसारा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीची पत्रके यांचा मजकूर भुजंगराव संगणकावर जुळवीत आणि पलीकडच्या छापखान्यात छापून घेत. असली दुकाने गल्लीत आणखीही होती. परंतु भुजंगरावांकडे एक वस्तू अशी होती, की जी इतर कोणाकडेही नव्हती.

ती म्हणजे त्यांचे डोंगल. मराठी अक्षरे जुळविण्याचे जे सॉफ्टवेअर इतरांनी कुलूप मोडलेल्या सीडीवरून परस्पर उतरवून घेतले होते, तेच भुजंगरावांनी स्वतः पुण्याला जाऊन, पावती घेऊन विकत आणले होते. त्याबरोबर कंपनीने काडेपेटीएवढी एक दातेरी डबी दिली होती. ती संगणकाच्या पाठीमागे खोचल्याखेरीज पडद्यावर मराठीचा काना उमटत नसे. भुजंगराव दुकान बंद करताना ती डबी काढून घरी नेत, देवघरात ठेवीत आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहत. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई म्हणत, की मंगळसूत्राला जपले नाही इतके मी त्या डबीला जपते. त्यात लटका राग किती आणि खरा किती, हे भुजंगरावांनी कधी तपासले नाही.

दररोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात भुजंगराव वर्तमानपत्र उघडीत आणि त्यातील यंत्रयुगाच्या बातम्यांवर आपला अभिप्राय देत. मोबाईल फोनमध्ये कॅमेरा बसविल्याची बातमी आली, तेव्हा ते म्हणाले, की फोनने फोटो काढायचा असेल तर उद्या टेपरेकॉर्डरवर दळण दळतील. परदेशात कोणा पोराने इंटरनेटवरून गाणी उतरवून घेतली आणि कंपनीने त्याच्या बापावर दावा लावला, हे वाचून त्यांनी निकाल दिला, की योग्यच झाले. दुसऱ्याच्या शेतातला हरभरा उपटणारा आणि दुसऱ्याचे गाणे उपटणारा, दोघांची जात एकच. कोठल्याशा देशाच्या सरकारने कचेऱ्यांमध्ये फुकटचे सॉफ्टवेअर बसविण्याचे ठरविले, तेव्हा ते सरकार फार दिवस टिकत नाही, असे भाकीत त्यांनी केले. फुकटाच्या बाबतीत त्यांचे एक ठरलेले वाक्य होते आणि ते चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर येई.

“फुकटात मिळतो तो गोवर.”

कापड दुकानाचे मुनीम यावर दररोज हसत आणि दररोज चहा मात्र भुजंगरावांच्याच नावावर पीत.

असा हा मान्यताप्राप्त मनुष्य आतून सुखी नव्हता. कारण त्याला एक साडू होता.

साडूचे नाव बद्रीनाथ. दुर्गाबाईंची धाकटी बहीण नंदाबाई, तिचा हा नवरा. शहागडला, गोदावरीच्या पुलाकडून येणारे ट्रक जिथे चहापाण्याला थांबतात, तिथे हमरस्त्यावरच त्याने टपरीवजा दुकान टाकून एक जुना संगणक मांडला होता. त्याच्याकडे डोंगल नव्हते. एका मासिकासोबत आलेली, लिनक्स नावाच्या सॉफ्टवेअरची सीडी त्याच्याकडे होती आणि तीवर त्याचे सारे काम चाले. इतकेच नव्हे, तर तो त्या सीडीच्या नकला काढून मागेल त्याला देई, आणि न मागणाऱ्यालाही देई. भुजंगरावांच्या मते असा मनुष्य एक तर चोर असला पाहिजे किंवा भोळा, आणि साडू भोळा असण्याची कल्पना त्यांना सहन होत नसे. कारण भोळ्या माणसावर लोक माया करतात.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. जावयांना धोंडे-जेवणाला बोलाविण्याची रीत असल्याने सासरे अप्पाराव यांनी दोन्ही जावई केदारखेड्याला बोलाविले. दोघे साडू शेजारी शेजारी पाटावर बसले. अप्पाराव शेतकरी गडी, संगणकाला ते ‘टीव्हीची मशीन’ म्हणत. गेली कित्येक वर्षे भुजंगराव त्यांना संगणक समजावून सांगत होते आणि अप्पाराव मान हलवून बैलांचा विषय काढीत होते. त्या दिवशी त्यांनी सहज बद्रीनाथला विचारले, की तू ती तबकडी लोकांना वाटून राह्यला म्हणतात, त्यात तुझा काय फायदा?

बद्रीनाथने पुरणाचा घास खाली ठेवला आणि म्हणाला, “मामा, आपल्याकडं इरजिक असती ना. एकाचं शेत नांगरायचं ऱ्हायलं, तर समदं गाव आपापले बैल घेऊन येतं अन् एका दिवसात शेत मोकळं करून देतं. मजुरी कुणी घेत न्हाई. हे सॉफ्टवेअर तसंच, साऱ्या दुनियेनं इरजिक घालून केलेलं हाय. ते मुक्त हाय.”

“मुक्त म्हणजे फुकट,” भुजंगराव म्हणाले.

“न्हाई भाऊ. इरजिकीत जेवण घालावंच लागतं. फुकट येगळं अन् मुक्त येगळं.”

अप्पारावांनी मांडीवर थाप मारली. संगणकाची गोष्ट त्यांना आयुष्यात प्रथमच समजली होती. “इरजिक व्हय! मंग बराबर हाय,” असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने बद्रीनाथच्या ताटात तूप वाढले. भुजंगरावांच्या ताटातही वाढले, परंतु नंतर वाढले. तुपाची धार आधी कोणीकडे वळली, हे भुजंगरावांनी पाहिले होते.

परतताना एसटीत ते दुर्गाबाईंना म्हणाले, की तुझ्या बापाला माणसाची पारख उरली नाही. दुर्गाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “तूप दोघांना सारखंच होतं. मी पाह्यलं.”

यानंतर थोड्याच दिवसांत ती गोष्ट घडली, जिने आगीत रॉकेल पडले. शहागडकडची एक लग्नपत्रिका भुजंगरावांच्या हाती आली. पत्रिकेच्या तळाशी घरातील लहान मुलांच्या नावाने एखादी गोड ओळ छापतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या जागी छापले होते:

‘चिंचेच्या पाल्यात चिमणीचं घर,
मावशीच्या लग्नाला या भरभर!’

ही ओळ भुजंगरावांची होती. एका दुपारी वीज गेलेली असताना अंधाऱ्या दुकानात बसून त्यांनी ती स्वतः जुळविली होती. गिऱ्हाइके ती ओळ मागून घेत, आणि ‘मावशी’च्या जागी काका, आत्या, मामा असे बदलून ते ती देत. त्यांना कविता येत नसे. आयुष्यात त्यांच्या हातून एवढ्याच दोन ओळी झाल्या होत्या, आणि म्हणूनच त्या त्यांना लेकरासारख्या होत्या. आता त्या बद्रीनाथच्या टपरीतून, चाकांच्या धुळीने माखून, हमरस्त्याने हिंडत होत्या.

त्यांनी फोन लावला. बद्रीनाथने काहीही लपविले नाही. उलट तो मोकळेपणाने म्हणाला, की लई गोड ओळ हाय भाऊ, एका गिऱ्हाइकानं जालन्याचं कार्ड दाखवलं, मला बिलकुल राहवलं न्हाई. भुजंगरावांनी फोन ठेवला. चोराने चोरी नाकारली असती तर भांडण तरी करता आले असते. याने कौतुक करून तोंडच बंद केले.

दिवाळीनंतर धाकट्या मेहुणीचे, बेबीनंदाचे लग्न ठरले. मुलगा घनसावंगीकडचा, ऊसवाल्या घरचा. अप्पारावांनी निरोप धाडला, की कार्ड थोरल्या जावयानेच करायचे, तो त्यांचा मान. भुजंगरावांची छाती एवढी फुगली, की सदऱ्याची गुंडी ताणली. पण निरोपाला शेपूट होते: छापण्याआधी एकदा बद्रीनाथला दाखवून घ्या, त्यालाही त्यातलं कळतं. त्या शेपटाने छाती पुन्हा खाली बसली.

दाखविण्याचा प्रश्नच नव्हता. दाखविली, की तो उचलणार. भुजंगरावांनी दार लावून पत्रिका जुळविली. गणपती नवीन बसविला, महिरप नवीन काढली, कागद औरंगाबादहून सोनेरी कडेचा मागविला. तळाशी चिंचेची ओळ घातली, कारण ती आता त्यांच्याच घरच्या लग्नात शोभणार होती. आणि मग त्यांना पुस्तकांची आठवण झाली. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर एक वाक्य असते, त्याच्या धाकाने कोणी त्या पुस्तकाला हात लावत नाही. तेच वाक्य येथे का नसावे? त्यांनी पत्रिकेच्या अगदी खाली, ‘आपले नम्र : अप्पाराव’ या शब्दांच्या पोटाशी, ठळक अक्षरांत घातले:

‘सर्व हक्क राखीव’.

आपण पत्रिकेला कुलूप घातले, असे त्यांना वाटले. छापून आलेला गठ्ठा पाहून त्यांना कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

बस्त्याचा दिवस उजाडला. दोन्हीकडची मंडळी लग्नाचे कापड घ्यायला जुन्या जालन्यात आली आणि भुजंगरावांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, मुनिमांच्या कापड दुकानात गाद्यांवर बसली. भुजंगरावांनी पत्रिकांचा गठ्ठा अप्पारावांच्या हाती दिला, वरपक्षाला वाटा म्हणाले आणि एक निकडीचे काम असल्याने दुकानात परतले. खरे म्हणजे काम काहीच नव्हते. पत्रिकेचे कौतुक करायला लोक आपण होऊन दुकानात येतील, आणि त्या वेळी आपण फिरत्या खुर्चीवर बसलेले असू, असा त्यांचा बेत होता.

प्रथम आला तो बद्रीनाथ.

“काय करून राह्यले भाऊ?” असे म्हणत तो उंबऱ्यात उभा राहिला. हातात एक पिशवी, पिशवीत नंदाबाईंनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू, आणि खिशात सीडी. “बायका लुगडी उलगडून राह्यल्या, तिथं आपलं काय काम? म्हणलं भाऊची मशीन तरी पाहावी.”

‘मशीन पाहावी’ हे शब्द भुजंगरावांनी नेमके टिपले. चिंचेची ओळ गेली, आता डोंगल. ते लाडू ठेवण्याच्या निमित्ताने संगणकाच्या पाठीमागे वाकले, चालू यंत्रातून डबी हिसडून काढली, विजारीच्या मागच्या खिशात कोंबली आणि पटकन खुर्चीवर बसले. खुर्चीतून काहीतरी कुरकुरल्याचा आवाज आला. खुर्ची जुनी होती, म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. उलट अधिकच रेलून बसले.

बद्रीनाथने सीडी पुढे केली. ही बसवावीही लागत नाही, म्हणाला. नुसती आत घातली की चालते, अन् मराठी अक्षरं तिच्यातच हायेत. भुजंगरावांनी ती दोन बोटांनी धरून टेबलाच्या कडेला ठेवली, जणू कोणी उष्टी ताटली दिली असावी. आमच्याकडे सारे पावतीचे असते, असे ते म्हणाले.

“पावती तर माझ्याकडंबी हाय,” बद्रीनाथ म्हणाला. “मासिकाची.”

इतक्यात गल्लीत गलका झाला. अप्पाराव येत होते, त्यांच्यापाठी बेबीनंदाचा भाऊ धर्मराज, आणि सर्वांच्या पुढे मुलाचे चुलते; हातात पत्रिका, आणि पटक्याचा शेमला खांद्यावरून घसरलेला. मुनीमही होते. कौतुकाला इतकी माणसे येतील असे भुजंगरावांना वाटले नव्हते. ते उठले नाहीत; बसूनच त्यांनी हात जोडले.

चुलत्यांनी पत्रिका टेबलावर ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकविले. ते सावकाश बोलणारे गृहस्थ होते. “जावईबुवा, तुम्ही शिकलेले. मला इतकं सांगा. वरती लिहिलंय, आमची कन्या बेबीनंदा हिचा विवाह. खाली अप्पारावांचं नाव. अन् नावाच्या खाली, सर्व हक्क राखीव. म्हंजे पोरगी देणार, पण हक्क देणार न्हाई, असं का?”

अप्पारावांनी शपथा घेऊन सांगितले होते, की आपल्याला यातले काही माहीत नाही; ते पुन्हा सांगू लागले. तोच धर्मराज पुढे आला. त्याचा राग निराळ्याच वाटेने पेटला होता. बहिणींची लग्ने झाली, की शेताच्या उताऱ्यावरून नाव कमी करायला त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेण्याचा गावचा रिवाज. बेबीनंदाचा हक्कसोड तर लग्नाच्या आधीच उरकायचा होता. धर्मराजच्या मते ती ओळ त्याविरुद्ध होती आणि ती लिहिणाऱ्याचा डाव उघड होता. “दाजी, तुम्हाला दुर्गाअक्काच्या वाट्याचं रान पाह्यजे, तर तोंडावर मागायचं. बेबीच्या कार्डावरून कशाला?”

भुजंगरावांच्या कानांत पाणी शिरल्यासारखे झाले. ज्या ओळीने साडूला रोखायचे होते, तिने सासरा, मेहुणा आणि व्याही तिघांना एकदम वेशीबाहेर उभे केले होते. ते सांगू लागले. हक्क म्हणजे ते हक्क नव्हेत. हा पुस्तकाचा हक्क, नकलेचा हक्क. म्हणजे ही महिरप, ही ओळ दुसऱ्याने उचलू नये.

चुलत्यांनी सर्व ऐकून घेतले. मग पत्रिका पुन्हा जवळ धरून पाहिली. “बरं. हक्क राखीव. पण कुणाचा? तुमचं नाव कुठं हाय?”

भुजंगरावांनीही पत्रिका पाहिली. नाव नव्हते. कुलूप बसविण्याच्या नादात, घर कोणाचे हेच लिहायचे राहून गेले होते.

“हे पुसलं जात न्हाई तवर आम्ही एक कार्ड वाटणार न्हाई,” चुलते म्हणाले. “अन् कुळदेवीपुढं कार्ड ठेवायचं उद्या. तेवढं पाहा.”

दारात आता बायकाही आल्या होत्या. दुर्गाबाई सर्वांत पुढे होत्या. त्यांच्यामागे उभी असलेली बेबीनंदा, जिला कोणी काही विचारले नव्हते, ती हळूच म्हणाली, “राहू द्या की ती ओळ. एक तरी कागद माझ्या बाजूनं बोलला.” धर्मराजने तिच्याकडे पाहिले. ती खाली पाहू लागली, पण हसू तिने आवरले नाही.

भुजंगराव म्हणाले, की एवढेच ना, आता काढतो, तासाभरात नवीन छापून घेतो. ते संगणकाकडे वळले, पत्रिका उघडू लागले. पडद्यावर चौकट आली: डोंगल सापडत नाही. तेव्हा त्यांना आठवले. सर्वांदेखत ते अर्धवट उठले, मागच्या खिशात हात घातला आणि डबी बाहेर काढली. तिचे दात कंगव्याच्या मोडक्या दातांसारखे वाकडे झाले होते, आणि काही खिशातच राहिले होते. इतका वेळ ते आपल्या मानावर बसले होते.

“ही खिशात कशी गेली?” मुनिमांनी विचारले. बद्रीनाथने पाहिले, त्याला समजले, आणि त्याने रस्त्यावरून चाललेल्या एका हातगाडीकडे मान वळविली. हा त्याचा चांगुलपणा भुजंगरावांना टोमण्यापेक्षा अधिक लागला.

पुण्याला फोन झाला. कंपनीच्या माणसाने सांगितले, की मोडकी डबी पाठवा, तपासून दुसरी पाठवू, आठ-दहा दिवस लागतील. गल्लीतील इतर दुकानदारांकडे कुलूप मोडलेले तेच सॉफ्टवेअर होते, परंतु ज्यांना हॉटेलात बसून रोज चोर म्हटले, त्यांच्या उंबऱ्यावर कोणत्या तोंडाने जावे? टेबलाच्या कडेला ती सीडी पडली होती. सर्वांना ती दिसत होती. भुजंगरावांनाही दिसत होती.

अप्पाराव हळू आवाजात म्हणाले, “भुजंगराव, मान तुमचाच हाय. पण इरजिक घालायला लाज कसली?”

भुजंगराव खुर्चीवरून उठले. ती खुर्ची त्यांनी आजवर बायकोलाही बसायला दिली नव्हती. बद्रीनाथ बसला. बसण्यापूर्वी त्याने खुर्चीला हात लावून कपाळाला लावला. भुजंगरावांना वाटले, हे तरी करायला नको होते.

सीडी आत गेली. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि मग एक निळे चित्र उघडले. भुजंगरावांच्याच यंत्रात, कोणतीही डबी न खोचता, मराठी अक्षर उमटले. पण जुनी पत्रिका उघडताच तिच्यातील अक्षरांचा काला झाला. गणपतीच्या जागी प्रश्नचिन्हे आणि अप्पारावांच्या जागी भलतेच चिन्हांचे कडबोळे. त्या सॉफ्टवेअरची अक्षरे या सॉफ्टवेअरला वाचता येत नव्हती. हे पाहून भुजंगरावांना क्षणभर बरे वाटले, हे सांगणे भाग आहे.

“समदं नवीन टाइप करावं लागल,” बद्रीनाथ म्हणाला. “भाऊ, तुमी सांगा, मी मारतो. नावं कुणाची कुठं, ते मला जमत न्हाई.”

हे मात्र खरे होते. लग्नपत्रिकेतील नावांची उतरंड म्हणजे दुधारी शस्त्र. कोणता चुलता आधी, कोणता मामा मागून, मयत आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ राहिले की वर्षाचा अबोला. भुजंगराव पाठीमागे उभे राहून एकेक नाव सांगू लागले आणि बद्रीनाथ दोन बोटांनी ते उमटवू लागला. तो फार सावकाश करी. भुजंगरावांची बोटे आपोआप हवेत हलत. एकदा त्याने मुलाच्या आत्याचे नाव मामीच्या खाली घातले, तेव्हा भुजंगराव इतक्या जोराने ‘वर’ म्हणाले, की चुलतेही दचकले. आणि मग ‘बराबर हाय, आत्याच वर’ असे म्हणून त्यांनी प्रथमच भुजंगरावांकडे मान लवविली.

तळाशी आल्यावर बद्रीनाथ थांबला. त्याने खुर्ची अर्धी वळविली.

“भाऊ, चिंचेची ओळ ठेवू का? ओळ तुमची हाय. मागल्या वेळेस इचारलं न्हाई, माझं चुकलं.”

सारे पाहत होते. भुजंगरावांना नाही म्हणावेसे वाटले, केवळ नाही म्हणण्याचा अधिकार एकदा तरी वापरून पाहावा म्हणून. पण लग्न बेबीनंदाचे होते, आणि ओळीतील मावशीही तीच होती. ते म्हणाले, “ठेव.”

बद्रीनाथने दोन्ही ओळी उमटविल्या. मग त्याखाली, लहान पण स्वच्छ अक्षरांत, आणखी तीन शब्द घातले: ‘ओळ रचणार : भुजंगराव’.

“हे कशाला?” भुजंगराव म्हणाले.

“आमच्या सीडीचा नेमच तसा हाय. घ्या, वाटा, बदला. पण ज्यानं केलं त्याचं नाव पुसायचं न्हाई. मागल्या वेळेस म्या नाव टाकाया पाह्यजे होतं.”

चुलत्यांनी नवा कागद हाती घेतला, शेवटपर्यंत वाचला, नावापर्यंत आले आणि मोठ्याने हसले. “आता कळलं कुणाचा हक्क. हे आधी लिहिलं असतं तर चहा लवकर झाला असता.” छापखान्यात नवीन पत्रिका निघाल्या, सोनेरी कडेचा कागद उरला होता, तो पुरला. दुसऱ्या दिवशी एक पत्रिका कुळदेवीपुढे ठेवली गेली आणि ठरल्या मुहूर्ताला बेबीनंदाचे लग्न झाले. हक्कसोडाचा कागद मात्र लग्नाआधी झाला नाही. बेबीनंदा म्हणाली, सवडीने पाहू. तिला त्या ओळीने काही सुचविले असेल, तर त्याचे श्रेय भुजंगरावांनी घेतले नाही आणि धर्मराजनेही त्यांना दिले नाही.

भुजंगरावांचे मन मात्र स्वच्छ झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांचे नाव आयुष्यात प्रथमच रचनाकार म्हणून छापले गेले होते. पाहुण्यांमध्ये लोक त्यांना ‘चिंचेवाले जावई’ म्हणून ओळखू लागले होते. परंतु ते नाव साडूच्या बोटांनी उमटले होते. जी वस्तू रात्रंदिवस राखली ती आपल्याच भाराने मोडली, आणि जी वस्तू साडूने उधळली तिच्यामुळे तोच मोठा झाला, हा हिशेब त्यांना काही केल्या लागत नव्हता. पुण्याहून दुसरी डबी आली. ती त्यांनी यंत्राला खोचली. सीडी परत केली नाही; ती टेबलाच्या खणात, पावतीशेजारी ठेवली.

पुढे एका सकाळी हॉटेलात वर्तमानपत्र उघडले असता त्यात मुक्त सॉफ्टवेअरवर मोठा लेख आला होता. मुनिमांनी तो मुद्दाम मोठ्याने वाचला आणि चहाची बशी तोंडाला लावून भुजंगरावांना विचारले, की मालक, तुमचं काय मत? गोवरच का?

हॉटेलातील सारी डोकी वळली. भुजंगरावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. ठरलेले वाक्य जिभेपर्यंत आले, आणि तिथेच थांबले.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “इरजिकीसारखं हाय. पण मला त्यातलं कमी कळतं. शहागडला माझे साडू हायेत, बद्रीनाथराव, त्यांना इचारा. रस्त्यावरच दुकान हाय.”

एवढे बोलायला त्यांना जे कष्ट पडले, ते कोणाला दिसले नाहीत. मुनीम बशी खाली ठेवून पाहतच राहिले. भुजंगराव उठले, पायरीपर्यंत गेले, आणि तिथून वळून म्हणाले,

“पण कार्डाचा कागद मात्र मी निवडल्ता.”

वाचकहो, हकिकत येथे पूर्ण झाली. या ओळी लिहिणाऱ्याचे शिक्षण थोडे असल्याने भाषेत जे काही उणे राहिले असेल, ते आपण उदार मनाने भरून घ्यावे. आणि ही कथा कोणास सांगावीशी वाटली, तर खुशाल सांगावी, फक्त नाव पुसू नये. आपण एवढा वेळ देऊन वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
रायभान कचरू गाडेकर
मु. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना